‘असंबद्ध’ गटातली टिपणं

सल्लागार पुण्याहून आले त्या दिवशी आमच्या जळगावच्या ऑफिसातला एसी बंद पडला होता. बैठकीच्या खोलीत पंखा लावला की भिंतीवर टांगलेला पडदा हलायचा आणि पडद्यावरचं चित्र वाकडंतिकडं व्हायचं, म्हणून कंपनी काढणाऱ्या आमच्या साहेबांनी पंखाही बंद करायला लावला. एप्रिलातलं जळगाव. आम्ही सगळे घामाने निथळत त्या चित्राकडे बघत बसलो होतो. चित्रात रंगीत गोळे होते, गोळ्यांना जोडणाऱ्या रेघा होत्या, आणि सल्लागार म्हणत होते, “हा तुमच्या कंपनीचा मेंदू.”

त्या मेंदूत मी कित्येक वर्षं नोकरी करत होतो. त्याची अवस्था मला माहीत होती.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. त्या खोल्यांत तापमान, ओल आणि गॅस मोजणाऱ्या लहान पेट्या आम्ही बसवतो. पेटी थोड्या थोड्या वेळाने निरोप पाठवते, तो इंटरनेटवरून क्लाउडमधल्या आमच्या सर्व्हरकडे जातो, आणि खोलीत काही बिनसलं तर मालकाच्या मोबाइलवर इशारा वाजतो. निरोपांची गर्दी झाली की सर्व्हर आपोआप वाढतात, गर्दी ओसरली की आपोआप कमी होतात. याला साहेब ‘अ‍ॅडॅप्टिव्ह सेवा’ म्हणतात. साहेब काही वर्षं परदेशात होते आणि तिथून त्यांनी मुख्यतः विशेषणं आणली.

आता कारभार गचाळ होता हे मी नाकारत नाही. कामाची माहिती कुठेही पडलेली असायची. काही ईमेलमध्ये, काही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, काही प्रोग्रामच्या ओळींच्या मध्ये लिहिलेली. सर्व्हर अडकला तर तो कोणत्या क्रमाने उठवायचा, याचं एकमेव पूर्ण उत्तर एका सहकाऱ्याच्या लग्नाला शुभेच्छा देणाऱ्या मेलांच्या साखळीत होतं, कारण कुणीतरी घाईत तिथेच विचारलं होतं आणि कुणीतरी तिथेच सांगितलं होतं. नवा माणूस आला की त्याला आम्ही ते लग्नाचे मेल पाठवायचो.

सल्लागारांची यंत्रणा हे सगळं वाचणार होती. वाचून विषयवार गट पाडणार, गटांना नावं देणार, कोणतं टिपण किती भरवशाचं ते ठरवणार. आणि पुढच्या टप्प्यात आमची सेवा माणसाला न विचारता थेट या गटवार लावलेल्या ज्ञानाला विचारून स्वतःचे निर्णय घेणार. सल्लागार हे इतक्या हळुवार आवाजात सांगत होते की जणू आम्हाला कुणाच्या आजाराची बातमी देतायत. साहेब मान डोलवत होते. मान डोलवणं हे त्यांचं खरं कौशल्य होतं.

आमचं दुसरं ऑफिस धुळ्याला होतं. देवपुरात एका इमारतीचा वरचा मजला, चार टेबलं, खाली झेरॉक्सचं दुकान. तिथे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या इंजिनिअर बसायच्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. सर्व्हर कधी वाढवायचे, कधी कमी करायचे हे ठरवणारा भाग त्यांनी लिहिला होता. त्यांच्याकडे नम्रपणा औषधालाही नव्हता. चूक दाखवायची तर त्या सगळ्यांसमोर दाखवायच्या, आणि समोरच्याचा चेहरा पडला की “पाणी पी” म्हणायच्या. मला त्यांनी असं बरंच पाणी पाजलंय.

ताई टिपणं भरपूर लिहायच्या आणि लिहायच्या अहिराणीत. म्हणजे शब्द निम्मे इंग्रजी, यंत्रांची नावं इंग्रजी, पण वाक्य अहिराणी. सेवा कधी कोसळली, का कोसळली, पुढच्या वेळी काय करायचं नाही, हे सगळं त्यात असायचं. मी फैजपूरचा. आमच्याकडची बोली वेगळी, पण मला ताईंचं लिहिणं कळायचं. न कळलेलं एखादं वाक्य मी फोन करून विचारायचो, आणि त्या आधी मला शहाणपणावरून दोन शब्द ऐकवून मग सांगायच्या.

यंत्रणेने पाडलेले गट तपासायचं काम माझ्याकडे आलं. तपासायचं म्हणजे बघायचं. बदलायचं नाही, असा आदेश होता. एका गटाचं नाव होतं ‘फळे व आहार’. त्यात केळीच्या खोलीचं तापमान कसं मोजावं याची आमची सगळी टिपणं होती आणि त्यांच्यात मिसळून दुपारच्या डब्याच्या ऑर्डरी होत्या. लग्नाच्या मेलांना यंत्रणेने ‘समारंभ’ या गटात बसवलं होतं, सर्व्हर उठवायच्या पद्धतीसकट. आणि सगळ्यात शेवटी एक मोठा गट होता. नाव ‘असंबद्ध’. तो उघडला तर त्यात ताई होत्या. त्यांची जवळपास सगळी टिपणं. मध्ये मध्ये कुणाकुणाचे सुप्रभात.

मी ताईंना फोन केला.

“असंबद्ध म्हणे का?” त्या म्हणाल्या. “बरं शे. पडू दे तिथं.”

“मी इंग्रजीत करून देतो ना तुमची टिपणं. दोन-चार दिवसांचं काम आहे.”

“तुला हौस असेल तर कर. मला सांगू नको.”

मला हौस नव्हती, पण काळजी होती. मी साहेबांच्या खोलीत गेलो. सल्लागार तिथेच बसले होते, साहेबांनी खास मागवलेली कोल्ड कॉफी पीत. मी सांगितलं की धुळ्याची टिपणं यंत्रणेला वाचता आलेली नाहीत, मी ती इंग्रजीत उतरवून देतो.

“नको,” साहेब म्हणाले. “हात लावायचा नाही.”

“पण साहेब, त्यात कामाचं आहे.”

“असेल. हात लावला तर ऑटोमॅटिक कुठे राहिलं ते? आपण लोकांना दाखवणार काय आहोत? माणसाचा हात न लागता ज्ञान गटवार लावलं जातंय, हेच ना?”

सल्लागारांनी कॉफी खाली ठेवली. “आणि असं बघा, कामाचं असेल तर सिस्टिम ते स्वतः शोधून काढेल. तिने शोधलं नाही, याचा अर्थ ते कामाचं नाही.”

मूर्खपणा मी बराच ऐकलेला आहे. आमच्या नात्यात त्याची परंपरा आहे. पण इतक्या स्वच्छ, इस्त्री केलेल्या स्वरूपात तो मला प्रथमच भेटला. असं वाक्य न अडखळता म्हणता येणाऱ्या माणसाला या जगात कधीच काम कमी पडत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं. मी बाहेर आलो.

दुसरा टप्पा मे महिन्यात सुरू झाला. आता सेवा स्वतःच ज्ञानाला विचारायची. सर्व्हर कमी-जास्त करायचे नियम ताईंनी लिहिलेल्या भागातून काढून यंत्रणेकडे दिले गेले. यंत्रणा सगळ्यात भरवशाचं टिपण कसं ओळखायची, तर जे सगळ्यात जास्त वेळा उघडलं गेलं ते. आमच्याकडे सगळ्यात जास्त उघडलं गेलेलं टिपण साहेबांचं स्वतःचं होतं. कंपनी सुरू झाली तेव्हा त्यांनी ते लिहिलं होतं आणि प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी वाचायला लावायचे. काटकसरीवर होतं ते. निरोप कमी झाले की सर्व्हर लगेच कमी करा, रिकामी यंत्रं चालू ठेवणं ही चैन आहे, असा त्याचा सारांश. सुबक इंग्रजी, मुद्दे क्रमाने. यंत्रणेने त्याला अग्रस्थान दिलं. साहेबांना ते कळल्यावर त्यांनी दोन-तीन जणांना बोलावून पडद्यावर दाखवलं.

त्याच्या थोड्याच दिवसांनी दुपारी तापी पट्ट्यात वादळ आलं. अर्धा तास वारा, धूळ, थोडा पाऊस. सावद्याकडच्या गावांची वीज गेली. खोल्यांची थंडी जनरेटरवर चालू राहिली, पण इंटरनेट गेलं आणि आमच्या पेट्या गप्प झाल्या. आमच्या पेट्या अशा वेळी निरोप आपल्याजवळ साठवून ठेवतात आणि लाइन आली की सगळे एकदम पाठवतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. यंत्रणेला एवढंच दिसलं की निरोप आटले. तिने भरवशाचं टिपण वाचलं आणि सर्व्हर एकेक करून बंद केले. अगदी थोडे उरले.

संध्याकाळच्या सुमारास वीज आली. सगळ्या गावांतल्या सगळ्या पेट्यांनी साठवलेले निरोप एकाच वेळी सोडले. उरलेले सर्व्हर त्यात बुडाले. नवे सर्व्हर उठायला बघायचे तर त्यांना कामाला लावणारा भागच अडकलेला. इशारे रांगेत पडून राहिले. नेमकी त्याच वेळी सावद्याच्या एका व्यापाऱ्याच्या खोलीतली थंडी वीज परत आल्यावर सुरूच झाली नव्हती. पेटीने तसं कळवलंही. तो इशारा मालकाच्या मोबाइलवर पोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती आणि मालकाने खोली आधीच उघडून बघितली होती.

साहेबांनी मला सावद्याला धाडलं. “तू तिकडचा आहेस, तुला बोलता येईल,” ते म्हणाले. स्वतः यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या व्यापाऱ्यांना सगळे नाना म्हणतात. भरदार माणूस, पांढरा शर्ट, बोलण्यात कुणाची भीड नाही. त्यांनी मला थेट खोलीपाशी नेलं. पिकायला लागलेलं केळं स्वतःच ऊब सोडतं. थंडी थांबली की बंद खोलीत ते आपल्याच उबेत शिजतं. दार उघडल्याबरोबर गोड, जड वाफ अंगावर आली. क्रेट वरपर्यंत रचलेले होते. रंग मळकट पिवळा, आणि बोट लावलं की बोट आत. मी एक फणी उचलली तर देठ माझ्या हातात राहिला आणि केळी खाली पडली.

“तुमी तं म्हने खोली सोताच सांगीन,” नाना म्हणाले. “मंग काल तिनं कोनाले सांगतलं?”

“सांगतलं नाना. आमच्यापर्यंत आलं होतं. पुढे जायला उशीर झाला.”

“वीज येते-जाते हे तुमच्या कंपनीले माहीत नोतं का? खान्देशात धंदा करता ना?”

“माहीत होतं.”

“कोनाले माहीत होतं?”

मी धुळ्याच्या ताईंचं सांगितलं. त्यांनी ते लिहूनही ठेवलं होतं, असंही सांगितलं.

“लिहून ठेवलं होतं, अन् तुमच्या मशीननं वाचलं नाई.”

“नाही.”

“अन् त्या मशीनले तुमी हुशार म्हनता.”

“मी नाही म्हणत नाना.”

“पगार तं घेतो ना तिथचा?” ते म्हणाले आणि गड्याला खोली रिकामी करायला सांगून निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो. मला राग आला होता, पण नानांचा नाही. मला डोळ्यांपुढे ती कोल्ड कॉफी दिसत होती.

दोन दिवसांनी बैठक झाली. सल्लागार पुण्याहून पडद्यावर, ताई धुळ्याहून पडद्यावर, आम्ही जळगावात. सल्लागार त्याच हळुवार आवाजात म्हणाले, “एक गोष्ट लक्षात घेऊ. उपलब्ध ज्ञानाच्या आधारावर सिस्टिमने योग्यच निर्णय घेतला.”

ताईंनी माइक चालू केला. “मी काही वाचून दाखवते,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी वाचलं, “‘लाइट गयी का निरोप कमी व्हतस. तवय मशिनी कमी करू नका. लाइट उनी का बठ्ठा निरोप एकदम येतस.’ म्हणजे वीज आली की सगळे निरोप एकदम येतात, हे मी मागच्या पावसाळ्यात लिहिलेलं आहे. तुमच्या असंबद्ध गटात आहे.”

मग साहेब म्हणाले, “ताई, हेच तुम्ही इंग्रजीत लिहिलं असतं तर?”

“तुमचं टिपण इंग्रजीतच होतं,” ताई म्हणाल्या. “त्याने काय झालं ते नानांच्या खोलीत जाऊन बघा.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. सल्लागारांनी घसा साफ केला आणि ‘भाषेची शिस्त’ हा शब्दप्रयोग केला. आठवडाभरात आदेश निघाला. यापुढे प्रत्येकाने फक्त इंग्रजीत लिहायचं, ठरवून दिलेल्या साच्यात लिहायचं. समस्या, कारण, उपाय, सद्यस्थिती. साचा सल्लागारांनी बनवला होता, आणि तो बिनचूक भरलेलं टिपण यंत्रणा आता सगळ्यात भरवशाचं धरणार होती. केळी सडली त्याचं प्रायश्चित्त असं आमच्याकडून घेतलं गेलं. नानांना साहेबांनी एक पुष्पगुच्छ पाठवला. तो त्यांनी परत पाठवला नाही. तसाच दारात पडू दिला, असं मला नंतर त्यांच्या गड्याकडून कळलं.

ताईंनी त्यानंतर लिहिणंच थांबवलं. इंग्रजीत नाही, अहिराणीत नाही, कशातच नाही. काम चोख करायच्या, विचारलं तर फोनवर सांगायच्या. आणि जुलैत त्यांनी राजीनामा दिला.

मी एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला गेलो. त्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं. ऑफिसच्या खालच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी वाटेत मनाशी बरंच जुळवून आणलं होतं. बोलीभाषेचा कसा अपमान झालाय, त्यांच्या टिपणांत आपल्या मातीचं ज्ञान कसं आहे, वगैरे. मी ते बोलायला लागलो. ताईंनी मला पुरं करू दिलं नाही.

“मातीबिती काही नाही,” त्या म्हणाल्या. “भाषेचं कौतुक करू नको उगाच. सेवा कोसळलेली असते, चारी बाजूंनी फोन वाजत असतात, तेव्हा मला इंग्रजी व्याकरण बघायला वेळ नसतो. जी जिभेवर येते ती लिहिते. घाई होती म्हणून लिहिलं, समजलं?”

“मग जाताय कशाला?”

“कारण मूर्खांचं ऐकायला मला कंटाळा आला. साहेब मूर्ख आहेत म्हणून नाही, मूर्ख सगळीकडे असतात. पण पूर्वी तो मूर्खपणा त्यांचा एकट्याचा होता. मी त्यांना अडवू शकत होते. आता त्यांचं म्हणणं मशीन आपण होऊन राबवतं आणि मला अडवायला जागाच ठेवलेली नाही.” त्यांनी कपातला चहा संपवला. “तू पण निघ. पण तू निघणार नाहीस.”

“का?”

“तुला वाटतं तू सुधारशील तिथलं काहीतरी.”

त्या वर निघून गेल्या. महिनाभरात त्यांनी दुसऱ्या एका कंपनीचं काम घेतलं, घरूनच, धुळ्यातूनच.

दिवाळीनंतर साहेबांचं जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भाषण झालं. पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला मला नेलं होतं. सभागृह भरलेलं होतं. साहेबांनी पहिलं चित्र दाखवलं, त्यात आमची जुनी माहिती विखुरलेल्या कागदांसारखी दाखवली होती. मग गोळे आणि रेघा. सावद्याच्या खोलीचा उल्लेख ‘सुरुवातीच्या काळातला एक शिकण्याचा प्रसंग’ असा झाला. ताईंचा उल्लेख झाला नाही. शेवटी प्राचार्यांनी साहेबांना शाल दिली आणि म्हणाले की खान्देशच्या मातीतून असं जागतिक काम होतंय याचा अभिमान वाटतो. साहेबांनी मान डोलवली. मी लॅपटॉप बंद केला आणि वायरी गुंडाळल्या.

त्यानंतर मला बढती मिळाली. हुद्दा असा की तो सांगताना मला अजून इकडेतिकडे बघावं लागतं: ज्ञान विभागप्रमुख. विभागात मी एकटा आहे. रोज सकाळी यंत्रणेने रात्रभरात लावलेले गट मी उघडतो आणि गुपचूप हाताने नीट लावतो. साहेबांना वाटतं यंत्रणा हळूहळू शहाणी होतेय. तसं त्यांनी सल्लागारांनाही कळवलंय आणि सल्लागारांनी ते आपल्या जाहिरातीत घातलंय.

टिपणं मात्र आता देखणी येतात. नवी मुलं-मुली साचा बिनचूक भरतात. समस्या: सर्व्हर प्रतिसाद देत नव्हता. कारण: सर्व्हरवरील ताण. उपाय: योग्य ती कार्यवाही केली. सद्यस्थिती: समस्या सुटली. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि त्यातून कुणालाही काहीही कळत नाही. यंत्रणा मात्र त्यावर खूश असते. ताईंची जुनी टिपणंही मी हाताने हलवल्यामुळे ‘असंबद्ध’ गट रिकामा पडलाय, आणि साहेब तो पाहुण्यांना उघडून दाखवतात.

गेल्या महिन्यात पिंपळनेरकडे एका नव्या गोदामाची सेवा सारखी अडकायला लागली. तिकडे मोबाइलची रेंज येते-जाते. यंत्रणेला विचारलं तर तिने चार परिच्छेदांचं सुंदर उत्तर दिलं. मी ते वाचलं आणि ताईंना फोन लावला.

“आते ते मन्हं काम नही शे,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे ताई.”

मग त्या म्हणाल्या, “रेंज गेली का किती वेळाने परत येते?” मी सांगितलं. त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या, मला एकदा मूर्ख म्हटलं आणि कुठे काय बदलायचं ते सांगितलं. मी बदललं. गोदाम तेव्हापासून नीट चाललंय.

नियमाप्रमाणे मला त्याचं टिपण करावं लागलं. मी साचा उघडला. समस्या लिहिली, कारण लिहिलं. उपायाच्या रकान्यात लिहिलं, योग्य ती कार्यवाही केली. यंत्रणेने ते दोन सेकंदांत वाचलं आणि अत्यंत भरवशाचं म्हणून सगळ्यांत वर लावलं.